डाव्या कानातले प्रश्न

रेवा आणि ईशान,

तुमची नानी जाऊन अजून महिनाही झालेला नाही. अशा वेळी मी पॉडकास्टबद्दल लिहायला बसले आहे, याचे तुम्हाला नवल वाटेल. पण मागणी रेवाचीच आहे. पुढच्या लाँग वीकेंडला तुम्ही चौघे डोंगरात तंबू टाकणार आहात आणि वाटेत ऐकायला, नानी आणि आजी जे ऐकायच्या त्याची यादी हवी, असा तिचा निरोप आला. मी लगेच कागद घेतला. दहाबारा नावे लिहून झाल्यावर लक्षात आले की ही सगळी माझी निवड आहे. नानीचे त्यात काही नाही, कारण नावे वाचून ती काही निवडतच नव्हती. ती कशी निवडायची हे सांगितल्याशिवाय यादी पाठवण्यात अर्थ नाही.

दुसरे कारण असे की विहारात नानीच्या मागे केलेल्या जलदानविधीच्या दिवशी मला दोन शब्द बोलायला सांगितले होते. मी उभी राहिले आणि गाव, शिक्षण, नोकरी, स्वभाव असे क्रमाने बोलले. लोकांनी शांतपणे ऐकले. घरी आल्यावर वाटले की नाव बदलले तर हेच भाषण दुसऱ्या कोणासाठीही चालले असते.

आणि तिसरे कारण म्हणजे आपला रविवारचा फोन. आमची रविवारची सकाळ, तुमची शनिवारची संध्याकाळ. नानी गेल्यापासून तो फोन दोन मिनिटांत संपतो. कशी आहेस आजी, मी बरी आहे, तिकडे थंडी किती, इकडे ऊन किती. मग आपण सगळे पडद्यावर एकमेकांकडे पाहत बसतो. मी आयुष्यभर इंग्रजी शिकवले, तुम्ही इंग्रजीतच वाढलात, आणि आपल्याला बोलायला काही सुचत नाही. हा फोन असाच बारीक होत बंद पडेल अशी मला भीती आहे.

म्हणून मी आता नानीशीच बोलते. आई हे वाचून दाखवील, तुम्ही शेजारी बसून ऐका. आम्ही शेवटपर्यंत एकमेकींना ‘तुम्ही’ म्हणत होतो, इथेही तेच ठेवते.

प्रमिलाबाई,

तुमच्या जलदानातले माझे भाषण तुम्ही ऐकले असते, तर पहिल्या दोन मिनिटांत इअरफोन काढला असता. ‘ईनबाई, या बाईचा आवाज कागदाचा हाये,’ असे म्हणाल्या असत्या. विहिणीला तुमच्याकडे ईन म्हणतात. मी तुमची ईनबाई होते, आणि मला काही सुनवायचे असले की ‘म्याडम’.

मुलांचे लग्न झाल्यावर पहिली काही वर्षे आपल्यामध्ये चहाचा ट्रे असायचा. दिवाळीला तुम्ही भिलाईत, सेक्टर दहामध्ये आमच्याकडे यायच्या, भीमजयंतीला मी मोहन नगरला तुमच्याकडे यायची. तुम्ही चिवडा वाखाणायच्या, मी खीर वाखाणायची, आणि अर्ध्या तासाने दोघींना घरी काम आठवायचे. मग माझा अनिरुद्ध आणि तुमची मित्रा मुलांना घेऊन कॅनडाला गेले. दोघींचेही नवरे त्याआधीच गेलेले. मुले गेली आणि विहिणी उरल्या. ट्रे कोणी उचलला ते मला नीट आठवत नाही. बहुधा तुम्हीच.

पोलाद प्लांटमधून निवृत्त झालेल्या लोकांचा एक चालणारा गट होता. महिन्यातून एकदा जीप करून कुठेतरी जायचे, डोंगर चढायचा, जमले तर तंबूत राहायचे. रेल मिलमधले देवांगनजी त्याचे पुढारी. माझ्या डॉक्टरांनी चालायला सांगितले म्हणून मी जायचे ठरवले आणि सोबत म्हणून तुम्हाला विचारले. तुम्ही पायात बूट घालूनच आलात. मी विचारीन याची जणू वाटच पाहत होतात.

पहिली खेप डोंगरगडची. गाडीतून उतरल्यावर तुम्ही कमरेवर हात ठेवून उभ्या राहिलात.

“पाहा जी ईनबाई. हा डोंगर तुमच्या देवीचा, थो डोंगर आमच्या बुद्धाचा. आज कोणता चढाचा?”

“दोन्ही,” मी म्हणाले.

“बाप्पा! म्याडमचे गुडघे तं पाहा अन् बोलणं पाहा. आधी तुमची देवी करू. तिले पायऱ्या जास्त हायेत. सकाळी सकाळी अंगात जोर असते.”

त्या दिवशी एकच डोंगर झाला. दुसऱ्या महिन्यात दुसरा. प्रज्ञागिरीवर तुम्ही वंदना म्हटली आणि मी मागे उभी राहिले. देवीच्या डोंगरावर तुम्ही माझ्यासाठी नारळ धरून उभ्या होतात. बोलण्यासारखे त्यात काही आहे असे दोघींनाही वाटले नाही.

पॉडकास्ट आणला ईशानने. तेव्हा तो लहान होता आणि त्याने मराठीत उत्तर देणे नुकतेच सोडले होते. तुम्ही विचारायच्या, ‘जेवला का रे?’ आणि तो मान हलवून निघून जायचा. एका रविवारी तुम्ही विचारले की तू दिवसभर कानात काय घालून फिरतोस. त्याने अस्वलांचा एक कार्यक्रम सांगितला. तिकडच्या जंगलातली एक बाई अस्वलांबद्दल बोलते. तुम्ही त्याच दिवशी माझ्याकडे येऊन म्हणालात, “मले थे लावून द्या.”

मी म्हटले, डोंगर चढताना ऐकायचेच असेल तर मराठीत पुष्कळ चांगले आहे. इतिहासाचे आहे, स्वयंपाकाचे आहे, आपल्याकडच्या झाडांचे आहे. मी रीतसर पाहून ठेवले होते. चढ जेवढा वेळ घेणार तेवढ्याच लांबीचा भाग, फार जड नाही, फार पोरकट नाही. गुरुवारी संध्याकाळी घरच्या वायफायवर उतरवून घ्यायचे, म्हणजे जंगलात नेटवर्कची वाट पाहायला नको.

“तुमी साऱ्या भिलाईले इंग्रजी शिकवलं, अन् मले मराठी ऐकवून राहिल्या?”

“तुम्हाला समजावे म्हणून.”

“मले मराठी समजते जी. थे कायले ऐकू? पोट्टे ज्या भाषेत हासतात, थे मले समजलं पाहिजे.”

मी म्हणाले की मुलांनी मराठी शिकायला हवी, आपण का म्हणून खाली उतरायचे. तुम्ही म्हणालात, “खाली कावून? थे वर हायेत का आपण वर हाओत, कोणी मोजलं? थे येऊन नाई राहिले तं आपण जाऊ.” हा वाद आपला मिटला नाही. शेवटी तडजोड झाली. चढताना इंग्रजी, आणि दर थांब्यावर मी दोन वाक्यांत अर्थ सांगायचा. मुक्कामाला मराठी. उतरताना काहीच नाही, कारण उतरताना गुडघ्यांकडे लक्ष द्यावे लागते.

निवडण्याची तुमची पद्धत मला पहिल्यांदा हट्टीपणाची वाटली. मी विषय सांगायला लागले की तुम्ही हात वर करायच्या. “विषय राहू द्या. आवाज ऐकवा.” मग दोन मिनिटे डोळे मिटून ऐकायचे आणि निकाल. “हा नाई. हा घरी कोणाशी बोलत नसन, म्हून इथं बोलून राहिला.” “हे दोघं भांडून आलेत, पण पैसे घेतलेत म्हून हासून राहिले.” “ही बाई चालन. हिले समोरच्याचं ऐकाची सवय हाये.”

तुमची सारी नोकरी प्लांटच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बोर्डावर गेली होती. डाव्या कानाला हेडफोन, उजवा कान शेजारच्या ऑपरेटरसाठी मोकळा. म्हणून इअरफोनचा जोड तुम्ही दोन्ही कानांत कधी घातला नाही. डावा तुमचा, उजवा माझा, आणि मध्ये हातभर वायर. अनिरुद्धने बिनवायरचे पाठवले ते तुम्ही डबीसकट परत माझ्या हातात दिले. “वायर दिसली पाहिजे जी. नाई तं कोण कोणाले जोडलं, कसं समजन?” त्यामुळे अरुंद वाटेवर आपल्याला जवळजवळ चिकटून चालावे लागे. एकीने उंच पाऊल टाकले की दुसरीचा कान ओढला जाई. देवांगनजी मागून हसायचे. “समधिन लोग एक ही खूँटे से बंधी हुई हैं.” तुम्ही मागे न पाहता म्हणायच्या, “आप भी किसी से बंध जाओ भैया, अकेले तो नहीं गिरोगे.”

आपला खरा वाद शेवटाचा होता. मला सुरू केलेली गोष्ट संपवायची सवय आहे. तुम्ही मात्र डोंगरमाथा आला की कान मोकळा करायच्या, मग सांगणारा वाक्याच्या मध्यावर का असेना. पुन्हा तो भाग लावू द्यायच्या नाहीत. मी चिडायची. एकदा सियादेवीच्या धबधब्यापाशी तुम्ही कारण सांगितले. बोर्डावर कॉल जोडून दिला, दोन्हीकडून आवाज आला, की ऑपरेटरने लाइनमधून बाहेर पडायचे. ऐकत बसायचे नाही. कोणाचे लग्न ठरते आहे, कोणाचा बाप गेला आहे, हे पहिल्या हॅलोतच कळायचे. पुढे काय झाले ते कधीच नाही.

“साऱ्या भिलाईच्या गोष्टींची सुरुवात मले माहीत हाये, ईनबाई. शेवट एकही नाई.”

“वाईट नाही वाटत?”

“वाईट कायचं? लाइन लागली ना. माझं काम झालं.”

मुक्कामाच्या मराठी भागातही तुम्ही नियम मोडलाच. गंगरेलच्या पाण्याकाठी तंबू होते. मी पक्ष्यांवरचा एक शांत कार्यक्रम उतरवून आणला होता. चूल पेटली, भात शिजत होता, आणि तुम्ही फोन हातात घेऊन कुठलीशी भुताची गोष्ट स्पीकरवर लावलीत. तीही हिंदीत. “सगळ्यायले समजलं पाहिजे,” म्हणालात. सांगणाऱ्याचा आवाज तुम्हाला फार पसंत पडला होता. गोष्टीतले पाणी, झाड, पांढरे लुगडे, सगळे जणू आपल्यासमोरच होते. भात लागला तरी कोणी उठले नाही. गोष्ट ऐन रंगात असताना तुम्ही फोन बंद केलात आणि ताटे मांडायला लागलात. देवांगनजी रडकुंडीला आले. “दीदी, अब आगे का तो सुना दो, नहीं तो नींद नहीं आएगी.” तुम्ही म्हणालात, “आखिर आप बना लो, भैया.” ते जीपमध्ये जाऊन झोपले, काचा लावून. पुढच्या खेपेला जायच्या आधी त्यांनी अट घातली की निवड मॅडमची असेल. तुम्ही ती कबूल केलीत आणि पाळली नाहीत.

खेपेवर रविवारची सकाळ उजाडली की नेटवर्क मिळेल असा दगड शोधला जाई. तुम्ही त्या दगडावर बसायच्या, मी शेजारी. फोन लागला की पहिले वाक्य तुमचे. कसे आहात, जेवलात का, असे तुम्ही कधी विचारले नाही. कालच्या चढावर जे कानात पडले, त्यातलाच एखादा प्रश्न टाकायच्या, जमेल तशा इंग्रजीत. अस्वलांचा भाग ऐकल्यावर तुम्ही विचारले होते, “ईशान, टेल मी. बेअर स्लीप होल विंटर. हू लॉक द डोअर?” ईशान खुर्चीवरून खाली पडला होता हसून. मग त्याने समजावून सांगायला सुरुवात केली आणि रेवाने त्याच्या चुका काढायला. दोघे भांडू लागले, मित्रा मध्ये पडली, अनिरुद्ध मागून ओरडला. त्या गोंधळात तुम्ही फोन माझ्या हातात दिला आणि बोर्डावर म्हणायचे तेच म्हणालात, “बात कीजिए.” आणि चहा टाकायला उठून गेलात. एरवी घरीही दर रविवारी असेच. पुढचा सगळा वेळ मी बोलत असे आणि मला वाटे की मुलांशी मीच बोलते.

चिल्फीची चढण मला मुलांना नीट सांगायची आहे. थंडी होती, सालवृक्षांची पाने ओली होती. त्या वेळी निवड दोघींची होती. विषय मी पाहिला होता, आवाज तुम्ही. जंगलात वणवा लागला तर कळावे म्हणून उंच मनोऱ्यावर एकटीने बरीच वर्षे राहिलेल्या एका बाईची मुलाखत. घेणारा एक माणूस. कोणीतरी हौशी असावा, कारण ध्वनिमुद्रण नीट झालेले नव्हते. त्याचा आवाज फक्त डाव्या बाजूला होता आणि तिचा फक्त उजव्या. हे आपल्याला माहीत नव्हते. दोन्ही कानांत घालून ऐकणाऱ्याला ते जाणवलेही नसते.

मी चालत होते आणि एक बाई माझ्या कानात कोणी न विचारता स्वतःबद्दल सांगत होती. वाक्य संपवायची, बराच वेळ गप्प राहायची, मग भलतेच काही सुरू करायची. मला ती विक्षिप्त वाटली. तुम्ही पहिल्या थांब्यावर अर्थ विचारलात तेव्हा मी म्हणाले, “एकटी राहून राहून हिचे डोके फिरले असावे.”

“ही कोण?” तुम्ही म्हणालात. “मले तं माणूस ऐकू येऊन राहिला. अन् काय माणूस! नुसते प्रश्न इचारते अन् गप बसते. उत्तराची वाट पाहते का झोपते, समजत नाई.”

आपण एकमेकींच्या तोंडाकडे पाहिले. मी कानातला काढून तुम्हाला देऊ लागले. तुम्ही माझा हात धरलात.

“थांबा. असंच चालू द्या. वर गेल्यावर जुळवू.”

एरवी मी ऐकले नसते. ते अव्यवस्थित होते. पण तुम्ही पुढे निघालात आणि वायरीमुळे मलाही निघावे लागले. तुम्ही प्रश्न लक्षात ठेवत चढलात, मी उत्तरे. इंग्रजी शब्द तुम्ही पुटपुटत होतात, थांब्यावर मी त्यांचा अर्थ सांगत होते, पण कोणता प्रश्न कोणत्या उत्तराचा हे तुम्ही विचारू दिले नाही.

वर एका सपाट खडकावर बसून आपण जुळवायला लागलो. तोवर तुम्ही इतक्या हसला होतात की देवांगनजींनी पाण्याची बाटली पाठवली. बरेचसे सहज जुळले. दोन ठिकाणी अडले. तिचे एक उत्तर होते, ‘माझ्या भावाला.’ तुम्ही ते ‘कोणाची आठवण यायची’ या प्रश्नाला लावले. मी म्हणाले, नाही, ते ‘पहिला वणवा दिसला तेव्हा सगळ्यात आधी कोणाला सांगावेसे वाटले’ याचे आहे. आणि दुसरे उत्तर असे होते: ‘किटली. हसू नका, खरेच किटली. पहिल्याच हिवाळ्यात मी ती देऊन टाकली.’ मी म्हणाले, हे उघड आहे. त्याने विचारले असणार की सामानातली सगळ्यात निरुपयोगी वस्तू कोणती. तसा प्रश्न तुमच्याकडे होताच.

“नाई जी,” तुम्ही म्हणालात. “त्यानं इचारलं, एकटीले भेव कशाचं वाटलं. किटली तिथं बसते.”

“किटलीची भीती?”

“थो हासला ना तिथं. म्हून ती म्हणून राहिली, हासू नका.”

“तो एकदाच हसला का?”

तुम्ही विचार केलात. “दोनदा हासला. सामानाच्या प्रश्नाले बी हासला.”

“मग झाले तर. भीतीच्या प्रश्नावर कोण हसेल?”

“हासते माणूस. अन् रिकाम्या घरात किटलीची शिट्टी वाजली का मलेबी धस्स होते. वाटते फोनच आला.”

त्यावर आपण दोघी हसलो. मी म्हणाले, आता दोन्ही कानांत घालून पुन्हा लावू आणि पाहू कोण बरोबर. तुम्ही वायर गुंडाळून खिशात टाकली. “जुळलं तेवढं जुळलं. तुमी तुमची किटली ठेवा, मी माझी.” पुढच्या वेळी सवड काढून ऐकू, असे मी म्हणाले होते. उतरताना नेहमीप्रमाणे काही लावले नाही.

दुसऱ्या दिवशीच्या फोनवर तुम्ही मुलांना हेच घातले, कोणते उत्तर कोणत्या प्रश्नाचे. रेवा माझ्या बाजूने होती, ईशान तुमच्या. फोन कापताना तुम्ही मला म्हणालात, “एखाद्या रविवारी सुरुवात तुमी करा, ईनबाई.” मी म्हणाले, तुम्ही आहात ना. तेव्हा तुम्ही होतात.

नंतर उन्हे लागली, गटाच्या खेपा थांबल्या, आणि मग तुम्ही गेलात. कशा, ते इथे लिहीत नाही. मुलांना त्यांच्या आईने सांगितले आहे.

हे इथवर लिहून मी थांबले होते. यादी अर्धीच राहिली होती आणि पुढे काय लिहावे ते ठरत नव्हते. मध्ये गुरुवार आला. गुरुवारी संध्याकाळी मी सवयीने फोन वायफायला लावला आणि काय उतरवावे ते पाहत बसले. मनोऱ्यावरच्या बाईचा तो भाग अजून फोनमध्ये होता. इअरफोनही माझ्याकडेच होता, तुमच्या पावसाळी जाकिटाच्या खिशातला. जलदानासाठी आलेल्या मित्राने जाकीट मला दिले तेव्हा तो त्यात तसाच गुंडाळलेला होता.

दोन्ही कानांत घालून वाद एकदाचा निकाली काढावा, असे मनात होते. पण मी उजवा खाली सोडला आणि फक्त डावा घातला. डाव्या कानात.

तो माणूस बोलू लागला. तुम्ही बरोबर निवडला होता, ऐकण्याची सवय असलेला आवाज आहे. प्रश्न विचारतो आणि थांबतो. मला उत्तरे पाठ होती, त्यामुळे त्या शांततेत ती बाई मला ऐकू येत होती. पहिला वणवा दिसल्यावर कोणाला सांगावेसे वाटले, असे त्याने विचारले. बराच वेळ गेला, मग तो हलक्या आवाजात म्हणाला, ‘आणि तो तुमच्याशी बोलला?’ म्हणजे भाऊ. ते मी लावलेले बरोबर होते. मग सामानाचा प्रश्न आला. तो हसला, मनापासून, लांबवर. पुढे भीतीचा प्रश्न आला आणि तो पुन्हा हसला. पण हे हसू मध्येच तुटले. कोणीतरी ‘हसू नका’ म्हटल्यावर तुटते तसे.

किटली तुमची, प्रमिलाबाई. तुम्ही हे हसू दोन्ही वेळा ऐकले होते आणि मी एकदाही नाही. एक उत्तर मी लावले, एक तुम्ही. आता हा वाद बरोबरीत सुटला असे मी धरते. मोहन नगरच्या घरात शिट्टी वाजल्यावर तुम्हाला काय वाटायचे, ते तुम्ही त्या खडकावर सांगितलेच होते. वेगळे काही सांगायचे राहिले असेल, असे मला वाटत नाही.

माझे मात्र एक राहिले. दर रविवारी तुम्ही उठून चहा टाकायला जायच्या, तेव्हा मला वाटे की तुम्हाला पुढचे इंग्रजी झेपत नाही. आता वाटते की लाइन लागली म्हणून जात होतात. हे तुम्हाला विचारायचे होते. विचारले असते तर तुम्ही ‘गुडघा आखडला जी’ असे काहीतरी सांगितले असते.

मग रविवार आला. फोन लागला. पडद्यावर ईशान सोफ्यावर आडवा, रेवा मागे कपडे घडी करत होती. तुम्ही दोघांनी, मुलांनो, नेहमीसारखे ‘हाय आजी’ म्हटले आणि मी नेहमीसारखे कशी आहे हवा, असे म्हणणार होते. त्याऐवजी मी त्या माणसाचा प्रश्न विचारला, जशाच्या तसा.

“घरात एकटा असतोस तेव्हा तुला कशाची भीती वाटते?”

तुम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. आजीला काय झाले, असे तुमच्या चेहऱ्यावर होते. मला खुलासा करावासा वाटला, पण मी त्या माणसासारखी थांबले. थांबणे कठीण असते. मग ईशान उठून बसला आणि इंग्रजीत म्हणाला, “स्मोक अलार्म. धूर नसताना. त्याची बॅटरी संपत आली की तो मध्येच एकदा टिक् करतो, आणि मग पुन्हा कधी करेल ते कळत नाही.”

रेवा हसली. मी म्हणाले, हसू नकोस. तिचे हसू मध्येच थांबले, आणि मग तिने सांगितले की लहानपणी तिला फ्रीजच्या आवाजाची भीती वाटायची. ईशान म्हणाला, ते तू मला कधी सांगितले नाहीस. मित्रा स्वयंपाकघरातून आली आणि म्हणाली की तिच्या आईला किटलीच्या शिट्टीने दचकायला व्हायचे. मग तुम्ही तिघे बोलू लागलात, एकमेकांशी, मला विसरून. नानीचेही निघाले, आणि तेव्हा पहिल्यांदा मित्रा रडली. ईशानने तिला मराठीत काहीतरी म्हटले. काय, ते मला नीट ऐकू आले नाही, कारण मी फोन टेबलावर उभा करून चहा टाकायला गेले होते.

प्रमिलाबाई, शेवट काय झाला ते मला माहीत नाही. मी परत आले तेव्हा चहा दोनदा उकळला होता आणि ते अजून बोलत होते.

रेवा आणि ईशान, यादी खाली जोडली आहे. ती माझी आहे. नानीची पद्धत अशी: आधी आवाज ऐका, दोन मिनिटे पुरतात. वायरचा इअरफोन घ्या, एकाने डावा घालायचा, दुसऱ्याने उजवा. डोंगरमाथा आला की काढून ठेवा आणि उतरताना काही लावू नका. तंबूत भुताची गोष्ट ऐकायची की नाही, हे तुमच्या आईवडिलांना विचारा.

तुमच्या नानीचा इअरफोन माझ्याकडे आहे. त्याच्या दोन्ही बाजू चालतात. रविवारचा फोन चालू आहे.